स्पायरो वलय येते कुठून? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अंतर्रेण्वीय सायक्लोअ‍ॅडिशनवरील, म्हणजे एकाच रेणूतले दोन भाग एकमेकांशी जुळून वलय बनण्याच्या अभिक्रियेवरील, माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. डाईन (एकाआड एक दोन दुहेरी बंध असलेला भाग) आणि डायनोफाइल (त्याच्याशी जुळणारा दुहेरी बंध) एकाच रेणूत असले की फ्यूज्ड (एक बाजू सामाईक असलेली) वलये तयार होतात, हे माझे विधान सरसकट आहे, हा पहिला. आणि या मार्गाने स्पायरो वलय (दुसऱ्या वलयाशी एकाच अणूत जोडलेले) मिळूच शकत नसल्याने तो परिच्छेद काढून टाकावा, हा दुसरा.

पहिला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. जोडणारी साखळी डाईनच्या टोकाच्या कार्बनला असेल तर फ्यूज्ड रचना मिळते, मधल्या कार्बनला असेल तर ब्रिज्ड, म्हणजे लगत नसलेले दोन अणू सामाईक असलेली. ते वाक्य मी आजच दुरुस्त केले आहे.

दुसऱ्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही. फ्यूज्ड वलयांत शेजारचे दोन अणू सामाईक असतात, स्पायरोत एकच. आणि यांपैकी काय घडणार हे अभिक्रियेच्या नावावरून नव्हे, तर सुरुवातीच्या रेणूच्या बांधणीवरून ठरते. ऑक्सिंडोलच्या (बेंझिनला फ्यूज झालेल्या, नायट्रोजन असलेल्या पाच अणूंच्या वलयाच्या) तिसऱ्या कार्बनवर वलयाबाहेर जाणारा दुहेरी बंध घ्या, त्याच्या बाहेरच्या कार्बनला तीन अणूंची साखळी आणि साखळीच्या टोकाला डाईन जोडा. डाईन आणि हा दुहेरी बंध यांची डील्स-आल्डर अभिक्रिया, म्हणजे सहा अणूंचे वलय बनवणारी जुळणी, झाली की साखळीचे पाच अणूंचे वलय नव्या सहा अणूंच्या वलयाशी फ्यूज होते, आणि ऑक्सिंडोलचा तो तिसरा कार्बन जुन्या वलयात राहूनच नव्या वलयाचाही घटक होतो. म्हणजे एकाच अभिक्रियेत फ्यूज्ड आणि स्पायरो दोन्ही.

आमच्या सोलापूरच्या प्रयोगशाळेत एम.एस्सी.चे विद्यार्थी ओ-अ‍ॅलिल सॅलिसिलाल्डिहाइडपासून नायट्रोन (कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध आणि त्या नायट्रोजनवर ऑक्सिजन असलेले संयुग) बनवून टोल्युइनमध्ये, म्हणजे सुमारे ११० अंश सेल्सिअसला, रिफ्लक्स करतात, म्हणजे वाफ थंड करून परत आणत उकळत ठेवतात. नळाला रोज पाणी नसल्यामुळे कंडेन्सरचे पाणी बादलीतल्या छोट्या पंपाने फिरवावे लागते. एनएमआरमध्ये (रेणूतल्या हायड्रोजन अणूंची ओळख पटवणाऱ्या चाचणीत) ५.३ ते ६.१ पीपीएमच्या दरम्यानचे अ‍ॅलिलचे (त्यातल्या दुहेरी बंधाचे) संकेत नाहीसे झाले की क्रोमॅन (बेंझिनला फ्यूज झालेले, ऑक्सिजन असलेले सहा अणूंचे) आणि आयसॉक्साझोलिडिन (नायट्रोजन व ऑक्सिजन असलेले पाच अणूंचे) ही दोन्ही वलये एकदम तयार झाल्याचे कळते, आणि तो आलेख पहिल्यांदा वाचणाऱ्या मुलांचा आनंद मला दरवर्षी तितकाच मोलाचा वाटतो. इथे स्पायरो मिळत नाही, कारण नायट्रोनचा कार्बन आल्डिहाइडचा आहे, आधीच्या कुठल्या वलयातला नाही. तोच कार्बन सायक्लोहेक्झॅनोन या वलयी कीटोनचा असता आणि अल्कीनची (कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेली) साखळी नायट्रोजनवर असती, तर त्याच प्रकारच्या अभिक्रियेने स्पायरो केंद्र तयार झाले असते. कोलंबियातील विषारी बेडकाच्या त्वचेत सापडणाऱ्या हिस्ट्रिओनिकोटॉक्सिनचा स्पायरो गाभा संश्लेषणात अंतर्रेण्वीय नायट्रोन सायक्लोअ‍ॅडिशननेच उभारला गेला आहे.

म्हणून तो परिच्छेद मी ठेवतो आहे. ऑक्सिंडोलच्या उदाहरणाची आकृती, प्रत्येक अणूला क्रमांक देऊन, आता त्यालाच जोडली आहे. साखळीत एक अणू वाढवून आपण ती कागदावर पुन्हा काढून पाहावी. पाचाऐवजी सहा अणूंचे वलय येईल, पण स्पायरो कार्बन जागचा हलणार नाही.