ट्यूबलाइट सरळ दिसेपर्यंत

गिटार वाजवतात कशी, हे मला विचारू नका. मी फक्त बनवली. झालं असं, की पुण्याहून भाचीचा फोन आला, "मामा, तुम्ही आता रिटायर झालात, सुतारकामाची हौस आहे, मला एक गिटार करून द्या ना." आणि कर्जवसुलीच्या नोटिसा काढण्यात हयात घालवलेल्या माणसाने आठ महिन्यांत खरंच एक गिटार उभी केली. पाठ आणि बाजू शिसवीच्या, छाती स्प्रूसची. शिसवी आपल्याकडची, स्प्रूस थंड मुलखातलं. सोयरीक जुळायला वेळ लागला, पण जुळली. शेजारीपाजारी बघून गेले. म्हणाले, "झालीच की! आता फक्त पॉलिश."

'आता फक्त पॉलिश' म्हणणाऱ्याला आमच्या इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, पांढरे कपडे घालून राजवाड्यासमोर उभं केलं पाहिजे.

पहिली चूक मी जुलैत केली. ओळखीच्या पॉलिशवाल्या मिस्तरींची स्प्रे-गन मागून आणली आणि गच्चीवर नायट्रोसेल्युलोज लॅकर मारलं. पाच मिनिटं गिटार अशी चमकली की मी ओरडून बायकोला वर बोलावलं. ती गुडघे सांभाळत वर येईपर्यंत गिटार पांढरीफटक पडली होती. श्रावणात उज्जैनला जाऊन अंगाला भस्म फासून आल्यासारखी. कारण साधं आहे. थिनर भराभर उडतं, उडताना पृष्ठभाग गार करतं, पावसाळी हवेतली वाफ तिथे जमते आणि लॅकरच्या थरात अडकून बसते. हे साधं कारण मला नंतर कळलं. मिस्तरींनी गिटारकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "भिया, बारिश में तो अपन पापड़ भी नहीं सुखाते."

सगळं खरवडून काढलं. मग ठरवलं, फ्रेंच पॉलिश. नावात फ्रेंच असलं तरी माल आपला. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जे घर करतात, त्याचा चपडा, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे. सियागंजातून पाव किलो आणला आणि लिटरभर स्पिरिटमध्ये भिजत घातला. हळूहळू मेण तळाशी बसतं, वरचं मधासारखं पाणी गाळून घ्यायचं. घरभर वास. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "अहो, आत गॅस पेटलाय, बाहेर लाख आणि स्पिरिट. पांडवांना निदान विदुराने भुयार तरी खणून दिलं होतं." तेव्हापासून आमच्या मागच्या खोलीला नातेवाइकांत लाक्षागृह म्हणतात.

शिसवीला बारीक बारीक छिद्रं असतात. ती बुजल्याशिवाय आरसा होत नाही. त्यासाठी टाच घासायचा जो भोकाभोकांचा दगड, त्याची मैद्यासारखी पिठी फडक्यावर घेऊन स्पिरिटच्या ओलाव्याने घासत बसायचं. लाकडाचाच भुसा निघतो आणि लाखेबरोबर छिद्रांत जाऊन बसतो. तीन दिवस घासलं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की शिसवीचा जांभळट रंग स्पिरिटमध्ये विरघळून शेजारच्या मेपलच्या पांढऱ्या पट्टीवर उतरलाय. नव्या लाल साडीबरोबर पांढरा सदरा भिजवल्यावर होतं ते. ती पट्टी ब्लेडच्या टोकाने मिलिमीटर-मिलिमीटर खरवडून पांढरी करताना मला बँकेतले थकबाकीदार आठवले. तेसुद्धा असेच पसरायचे.

आता खरा प्रकार. फ्रेंच पॉलिश ब्रशने लावत नाहीत. सुती गोळा, त्यावर तलम कापड, वर पुरचुंडीसारखी गाठ; या पुरचुंडीला स्पॅनिश कारागीर 'बाहुली' म्हणतात. माझ्या बाहुलीत माझं जुनं बनियन आणि वडिलांच्या धोतराचा तुकडा आहे, म्हणजे दोन पिढ्या कामाला लागल्या. बाहुलीत थोडी लाख, थोडं स्पिरिट, वर बोटाने टेकवलेला ऑलिव्ह तेलाचा थेंब. मग आधी गोल गोल, नंतर आठाचा आकडा, शेवटी सरळ. नियम एकच: लाकडावर बाहुली थांबवायची नाही. थांबली की चिकटते, आणि उचललीत की खालचे सगळे थर साल निघाल्यासारखे वर येतात. विमानासारखं अलगद उतरायचं, दुसऱ्या टोकाने अलगद उडायचं.

मी धावपट्टीच्या ऐन मध्यावर असताना बेल वाजली. गॅसवाला. बायको देवळात. मी आतून ओरडलो, "थांबता येत नाही!" त्याला वाटलं, सिलिंडर नको. तो गेला. आणि मी मात्र ओरडताना थांबलो होतो.

डाग जायला नऊ दिवस लागले.

बरं, थर जाड देऊन मोकळं व्हावं, तर तेही नाही. छातीचं लाकूड जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर. त्यावर जाड लेप बसला की त्याची थरथर मरते आणि आवाज घशात अडकतो. म्हणजे चमक हवी, पण चमकणारी वस्तू जवळजवळ नकोच. असलं कलम आमच्या कुठल्याही सर्क्युलरमध्ये नव्हतं.

चमक आली की नाही हे पाहायची रीत म्हणजे गिटार ट्यूबलाइटखाली तिरकी धरायची. प्रतिबिंब सरळ काठीसारखं दिसलं तर पास. माझ्या ट्यूबलाइटचा पहिल्यांदा नर्मदेचा नकाशा दिसला. मग बारीक पॉलिश पेपर, पुन्हा बाहुली, पुन्हा ट्यूबलाइट. कडेला पेपर जरा जास्त फिरला, तर खालचं कोरडं लाकूड टक्क डोळे उघडून बघायला लागलं. आणि गंमत अशी, की लाकूड खरखरीत होतं तेव्हा एकही दोष दिसत नव्हता. जसजशी झळाळी चढली तसतसे मागच्या आठ महिन्यांतले सगळे ओरखडे एकेक करून हजेरी लावायला आले.

वर धूळ. 2017 पासून देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून इंदूरचा पहिला नंबर लागायला लागला. रस्त्यावरची सगळी धूळ नेमकी कुठे गेली, ते मला ठाऊक आहे. मी दाराच्या फटीत ओला टॉवेल लावून, पंखा बंद करून, उघड्या अंगाने काम करायचो. सदऱ्याचे तंतू पडतात म्हणून. "एवढा हात कधी कढईवर फिरवला असता तर," असं बाहेरून ऐकू यायचं.

फेब्रुवारीत ट्यूबलाइट सरळ आली. अगदी सरळ, टोकाच्या काळ्या पट्ट्यांसकट. मी गिटार महिनाभर कपाटात टांगली, लाख मुरायला. रोज दार उघडून बघायचो फक्त.

भाची आली. आल्या आल्या पिशवीतून सॅनिटायझर काढून हाताला चोळलं आणि गिटारकडे वळली. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. मी असा मध्ये पडलो की बायकोच्या हातातले पोहे सांडले. भाचीला साबणाने हात धुवायला लावले, पूर्ण बाह्यांचा माझा सदरा घालायला लावला. कोपराच्या घामानेही लाख मऊ पडते. मग ती बसली आणि वाजवायला लागली. बायको हातातला झाडू तसाच धरून ऐकत उभी राहिली. समोरच्या काकू गॅलरीत आल्या. बराच वेळ वाजवून तिने तारांवर हात ठेवला आणि वर बघितलं.

"मामा, कसा वाटला आवाज?"

"उजवीकडे खाली जरा ढगाळ आहे," मी म्हणालो. "तिरकी धर बघू."