लिलावातले घर बोजामुक्तच असते, हा दावा कितपत खरा?

बँकेने कर्जवसुलीसाठी लिलावात काढलेले घर डोळे झाकून घ्यावे, असे सुचवणारा एक संदेश व्हॉट्सॲपवर बराच फिरतो आहे. त्यातला युक्तिवाद असा: बँकेने कर्ज देतानाच सगळी कागदपत्रे तपासलेली असतात, सरफेसी कायद्यानुसार (थकलेल्या कर्जासाठी तारण ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकेला देणारा कायदा) बँकेचा हक्क इतरांच्या आधी येत असल्यामुळे बाकीचे बोजे, म्हणजे त्या घरावरची इतर देणी आणि दावे, विक्रीबरोबर गळून पडतात, आणि विक्री प्रमाणपत्र हाती पडले की मागच्या मालकाच्या देण्यांशी खरेदीदाराचा काडीचाही संबंध उरत नाही. तेव्हा वकिलाकडून शोध घेण्यावर पैसे घालवू नयेत, असा सल्ला शेवटी आहे. घर बाजारभावापेक्षा स्वस्त मिळू शकते, एवढे मान्य. बाकीच्यापैकी एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

त्यातल्या त्यात तथ्य आहे ते अग्रक्रमाच्या मुद्द्यात. २४ जानेवारी २०२० पासून लागू झालेले सरफेसी कायद्याचे कलम २६-ई बँकेच्या येण्याला सरकारी महसूल आणि करांच्याही आधीचे स्थान देते, आणि २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा अग्रक्रम मान्य केला. मात्र त्यासाठी बँकेच्या तारणाची केंद्रीय नोंदवहीत, म्हणजे ‘सरसाई’कडे, नोंद झालेली असावी लागते. शिवाय हे कलम मुख्यतः लिलावाच्या पैशांतून आधी कोणाचे फेडायचे, हे ठरवते. मुंबईपुरते बोलायचे तर महापालिका अधिनियमाच्या कलम २१२ प्रमाणे मालमत्ता कराचा त्या वास्तूवर भार असतो. बँकेचे पैसे आधी वसूल झाले तरी हा कर कोणी भरायचा, हा प्रश्न शिल्लक राहतोच, आणि विक्रीच्या अटींमध्ये त्याचे उत्तर बहुतेक वेळा ‘खरेदीदाराने’ असे लिहिलेले असते.

प्रमाणपत्राविषयीचा गैरसमज अधिक महाग पडणारा आहे. वर्तमानपत्रातली लिलावाची सूचना पाहावी. बारीक अक्षरांच्या त्या तक्त्यात राखीव किंमत आणि इसारा रकमेच्या जवळ ज्ञात भारांचा, म्हणजे बोज्यांचा, उल्लेख असतो, आणि तिथे पुष्कळदा ‘माहीत नाही’ एवढेच छापलेले असते. लोक त्याचा अर्थ ‘भार नाही’ असा घेतात. सरफेसी कायद्याखालच्या २००२ च्या अंमलबजावणी नियमांतील नियम ८(६) बँकेवर फक्त तिला माहीत असलेले भार जाहीर करण्याचे बंधन घालतो, आणि विक्री प्रमाणपत्रात काय नमूद करायचे हे सांगणारा नियम ९(१०) देखील बँकेला ज्ञात असलेल्या भारांपुरताच बोलतो. जे बँकेला ठाऊक नव्हते, त्याबद्दल प्रमाणपत्र मौन पाळते. त्यावर ‘जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे आणि जे काही आहे तेथे आहे’ ही अट, म्हणजे घर आहे त्या स्थितीत घ्यावे लागेल ही अट, आली की चौकशीची जबाबदारी कोणावर आहे, हे वेगळे सांगायला नको.

जबाबदारी कुठवर जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने केरळ विद्युत मंडळाच्या प्रकरणात मे २०२३ मध्ये स्पष्ट केले. जुन्या मालकाची थकबाकी भरल्याशिवाय जोडणी देऊ नये अशी तरतूद वीजपुरवठ्याच्या नियमांत असेल, तर लिलावातल्या खरेदीदारालाही जोडणी नाकारता येते. सोसायटीचेही तसेच. आदर्श उपविधींप्रमाणे देखभाल शुल्काच्या थकबाकीवर वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लागू शकते, आणि कर्ज बुडवलेल्या माणसाने शुल्क मात्र वेळेवर भरले असेल, अशी आशा कोणी धरू नये. बोली लावण्याआधी सचिवांकडून थकबाकीचा आकडा लेखी मागून घ्यावा.

बँकेने कागदपत्रे तपासली हे खरे, पण केव्हा? कर्ज देताना, म्हणजे अनेकदा बऱ्याच वर्षांपूर्वी. त्यानंतर विक्रीकराची जप्ती आली असेल, भावांनी वाटणीचा दावा लावला असेल, दुसऱ्या पतसंस्थेचे कर्ज चढले असेल. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स-२, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांचा सारांश, पाहणे आवश्यक आहे, पण तेवढ्यावर थांबू नये. मूळ कागदपत्रे बँकेत ठेवून केलेल्या गहाणाची सूचना दुय्यम निबंधकाकडे देणे महाराष्ट्रात २०१३ पासून बंधनकारक झाले; त्याआधीच्या अशा गहाणाचा तिथे मागमूसही नसू शकतो. म्हणून सरसाईवरचा शोध, मालमत्ता पत्रक किंवा सातबाऱ्यातला ‘इतर हक्क’ हा रकाना, आणि कर्जदाराने कर्जवसुली न्यायाधिकरणात सरफेसी कायद्याच्या कलम १७ खाली बँकेच्या कारवाईविरुद्ध अर्ज केला आहे का, हे सारे पाहावे लागते.

बोज्याच्या यादीत न दिसणारी अडचण ताब्याची. सूचनेत ‘सांकेतिक ताबा’, म्हणजे केवळ कागदोपत्री ताबा, असे असेल तर आत कोणीतरी राहत आहे असे समजून चालावे. तो गहाणापूर्वीचा खरा भाडेकरू असेल, तर २०१४ आणि २०१६ च्या निकालांनुसार सर्वोच्च न्यायालयाने त्याला संरक्षण दिले आहे, आणि बँक त्याला सहजासहजी बाहेर काढू शकत नाही.

‘आधी घर घ्या, मग बघू’ हे तर वेळापत्रकातच बसत नाही. बोली मंजूर झाली की त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी २५ टक्के रक्कम भरावी लागते. उरलेली ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत द्यायची असते. लेखी मुदतवाढ मिळाली तरी ती तीन महिन्यांपलीकडे जात नाही, आणि चुकल्यास भरलेले पैसे जप्त होतात. शोधात काही निघालेच, तर लिलाव करणाऱ्या बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला बोलीपूर्वी लेखी कळवून तो भार कोण फेडणार याचे लेखी उत्तर घ्यावे, आणि उत्तर येत नसेल तर ती रक्कम आपल्या बोलीतून आधीच वजा करून ठेवावी.