कॅनडाला निघालेल्या डॉक्टरांना चार हिताच्या गोष्टी

डॉक्टर, तुम्ही सहकुटुंब कॅनडातल्या ऑंटारियो प्रांताला निघालात हे ऐकून आनंद झाला. एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे केंद्र सरकारच्या गुणांवर चालणाऱ्या स्थलांतर योजनेत, तुमच्या पदवीला भरघोस गुण मिळाले आणि पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, हाती आला. कॅनडातल्या 65 लाखांहून अधिक प्रौढांना फॅमिली डॉक्टरच नाही, असे सांगणारे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेले सर्वेक्षणही तुमच्या वाचनात आले असेल. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असावा, असा तुमचा समज झाला असल्यास तो विमानात बसण्यापूर्वीच काढून टाकावा. माणसाला देशात घ्यायचे की नाही हे केंद्र सरकार ठरवते आणि त्याने रुग्णाला हात लावायचा की नाही हे प्रांताची नियामक संस्था ठरवते. एकाने डॉक्टर म्हणून आमंत्रण दिले म्हणून दुसऱ्याने डॉक्टर मानलेच पाहिजे, असा नियम कुठेही नाही.

निघण्यापूर्वी आपल्या जुन्या मेडिकल कॉलेजातल्या कारकुनाशी संबंध सुधारून घ्यावेत. तुमची पदवी खरी असल्याचा निर्वाळा कॉलेजने किंवा विद्यापीठाने परस्पर द्यावा लागतो; दवाखान्याच्या भिंतीवर चौकटीत लावलेल्या मूळ प्रमाणपत्राला तिथे किंमत नाही. पडताळणीची विनंती टेबलावर येऊन पडेल, सही करणारे साहेब मीटिंगला गेलेले असतील आणि शिक्का ज्या कपाटात आहे त्याची चावीही साहेबांकडेच असेल. हा काळ अभ्यासात घालवावा.

कारण पुढे परीक्षा आहेत. एक लेखी ज्ञानाची आणि दुसरी, ज्यात पोट दुखत असल्याचा अभिनय करणाऱ्या नटाला तुम्हाला तपासायचे असते. सरकारी ओपीडीत सकाळभर खऱ्या पोटदुख्या पाहिलेल्या माणसाला या खोट्या पोटदुखीपुढे घाम फुटतो. तेव्हा दार वाजवून आत जाण्याचा, हात निर्जंतुक करण्याचा आणि सहानुभूतीची वाक्ये बोलण्याचा सराव घरातल्यांवर करावा. परीक्षांना माझा आक्षेप नाही. अनोळखी डॉक्टरला पारखूनच घ्यावे. घोडे पेंड खाते ते परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतर.

परीक्षेनंतर रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातले प्रत्यक्ष प्रशिक्षण, लागते, आणि परदेशात शिकलेल्यांसाठी तिच्या जागा मोजक्याच असतात. तुम्ही इथे एमडी होऊन ज्युनियरांना शिकवले असले, तरी बहुतेकांना पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागते. जागा मिळालीच तर ऑंटारियोत पाच वर्षे सेवा देण्याचा करार करावा लागतो. नाही मिळाली तर पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज करावा. मात्र तुमचा प्रत्यक्ष रुग्णसेवेचा अनुभव अलीकडचा असावा, अशी या जागा देणाऱ्या अनेकांची अपेक्षा असते. लायसन्सशिवाय रुग्णसेवा करता येत नाही आणि रुग्णसेवा सुटली की लायसन्स दुरावते, यातली तार्किक शुद्धता कोणालाही मान्य व्हावी. पोटापाण्यासाठी टॅक्सी चालवू नये, ते आता फार जुने झाले. एखाद्या क्लिनिकच्या खिडकीत बसून अपॉइंटमेंटा द्याव्यात. पगार कमी असतो, पण रुग्ण निदान दिसतात.

अडथळे कमी झाले नाहीत, असे मात्र कोणी म्हणू नये. 1 जानेवारी 2023 पासून ऑंटारियोत आरोग्य क्षेत्रातल्या नियामक संस्थांना कॅनडातल्या कामाचा अनुभव सरसकट मागता येत नाही. तो आता मागत नाहीत. फक्त प्रशिक्षण कॅनडातले हवे असते. तेही नको असेल तर तुमचे फॅमिली मेडिसिनचे प्रशिक्षण अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा ऑस्ट्रेलियात झालेले असावे, ही अडचण तुम्ही तरुणपणीच ओळखायला हवी होती. शिवाय परदेशात फॅमिली डॉक्टर म्हणून काम केलेल्यांना बारा आठवडे प्रत्यक्ष कामावर पारखून घेण्याची वाट खुली झाली आहे आणि ती खरोखर चांगली आहे. तिथेही अनुभव ताजा लागतो. म्हणजे ज्यांनी कॅनडात येऊन इमानेइतबारे वाट पाहिली, त्यांच्यासाठी ती नव्हे.

नोव्हा स्कोशियाचे अनुकरण तर कोणी करूच नये. त्या प्रांताने 2023 मध्ये भारतासह सात देशांतल्या नोंदणीकृत परिचारिकांची लायसन्सची वाट एकदम सोपी करून टाकली. त्यामुळे तिथल्या रुग्णांवर आभाळ कोसळल्याचे ऐकिवात नाही, पण असली उदाहरणे चर्चेत आणली की समित्यांचे काम लांबते.

ऑंटारियोत उतरल्यावर आरोग्य विम्याचे कार्ड मिळताच फॅमिली डॉक्टर मिळण्यासाठीच्या सरकारी प्रतीक्षा यादीत कुटुंबातल्या सर्वांची नावे घालावीत. मुलांच्या तापाला तोवर तुम्ही आहातच. फक्त औषधाची चिठ्ठी लिहू नये, तो गुन्हा ठरेल.