क्लच दाबला तरी मी निघालोच

कार चालवता येते म्हणजे ट्रॅक्टर येणारच, तिकडे पण चारच चाकं आहेत की, हे माझं मत साधारण अर्धा तास टिकलं. आणि त्या अर्ध्या तासात गवताची एक काडीसुद्धा कापली गेली नव्हती.

कारण आधी ट्रॅक्टरमागे गवत कापायचा कटर जोडायचा असतो. ट्रॅक्टरच्या मागे खाली दोन लिंक म्हणजे दांडे, वर टॉप लिंक, तीन पिना, झालं. काका म्हणाले, "रिव्हर्स घे, डावी लिंक आधी लाव, उजवी वरखाली करता येते." मी रिव्हर्स घेतला तर चार बोटं कमी, परत घेतला तर चार बोटं जास्त, शेवटी उतरून कटरच ढकलून पाहिला, तर ते धूड जागचं हललं नाही, माझी कंबर मात्र हलली. मग पीटीओ, म्हणजे इंजिनच्या जोराने फिरणारं ट्रॅक्टरमागचं टोक, आणि त्याला कटर जोडणारा शाफ्ट. एका हाताने बटण दाबायचं, दुसऱ्याने शाफ्ट उचलायचा आणि तिसऱ्याने दात जुळवत आत सरकवायचा. तिसरा हात काकांचा होता, पण तो त्यांनी कमरेवर ठेवला होता. बराच घाम गाळल्यावर म्हणाले, "अरे, इंजिन बंदच आहे, शाफ्ट हाताने जरा फिरव, बसेल." बसला. हे त्यांना आधीपासून माहीत होतं!

आता मुख्य गोंधळ. कारमध्ये हळू जायचं तर पाय उचलायचा, इथे उलटं, गिअर एकदम खालचा आणि हातातला थ्रॉटल वर, पीटीओचे 540 आरपीएम होईपर्यंत. म्हणजे सेकंदाला 9 फेऱ्या, आणि कटरचा गिअरबॉक्स त्या अजून वाढवतो, पात्याचं टोक ताशी 200 किलोमीटरच्या पुढे पळत असतं आणि वर बसलेला मी माणूस चालतो त्यापेक्षा हळू. एवढा आवाज करून इतकं कमी अंतर मी आयुष्यात कापलं नव्हतं. मागून कोणी यायचं नाही हे काकांनी बजावलं होतं, दगड उडाला तर गोळीसारखा जातो म्हणून. ते स्वतः लांब झाडामागे उभे होते, दगडापेक्षा माझीच भीती असावी.

पहिली ओळ झकास गेली. टोकाला कुंपण आलं. मी क्लच दाबला. ट्रॅक्टर चालतच राहिला. मी अजून जोरात दाबला, सीटवरून उठून दाबला, तरी हा आपला निघालाय, जणू मी वर बसलोय हे त्याला कोणी सांगितलंच नाही. झालं असं की जुना ट्रॅक्टर, क्लचने इंजिन सुटतं पण पीटीओ आणि चाकं गिअरबॉक्समधून एकमेकांना धरूनच राहतात, आणि ती जड पाती फिरण्याच्या जोरावर उलट चाकांनाच ढकलतात. मी कटर ओढत होतो असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात कटर मला कुंपणात घेऊन चालला होता. ब्रेक आठवेपर्यंत एक खांब वाकला. काका झाडामागूनच ओरडले, "त्याला ओव्हररनिंग क्लच लावलेला नाहीये रे!" तो छोटासा डबा पीटीओवर बसवला की पात्यांचा जोर चाकांपर्यंत येतच नाही. ही माहिती खांबाच्या आधी मिळाली असती तर खांबाला बरं वाटलं असतं.

बाकीचं किरकोळ. वळताना कटर जास्त उचलला तर शाफ्टचा जॉइंट खडखडायला लागतो. खुंटावर पातं बसलं की शिअर बोल्ट तुटतो, आणि तो तुटायलाच असतो, गिअरबॉक्स वाचावा म्हणून. मी मात्र काहीतरी मोठं मोडलं म्हणून घाबरून गप्प बसलो होतो, काकांनी खिशातून दुसरा काढून दिला, म्हणजे त्यांना माझ्याकडून अपेक्षाच तेवढी होती. सगळ्यात अपमान गवताने केला. चाकाखाली आडवं झालेलं गवत पात्यांना चुकवून दोन दिवसांनी उठून उभं राहिलं आणि सगळ्या शेताला पट्ट्यापट्ट्यांच्या मिशा फुटल्या.

तो खांब अजून वाकडाच आहे. काका सरळ करू देत नाहीत. म्हणतात, राहू दे, त्याच्या दहा पावलं अलीकडे गिअर न्यूट्रल करायचा, तेवढी तुला खूण.