स्वस्तात विकला गेला म्हणून हसणाऱ्यांसाठी

लाच घेतानाचा व्हिडिओ बाहेर आला की आपल्याकडे पहिली चर्चा रकमेची होते. मोठी असेल तर "बापरे, किती खाल्ले!", लहान असेल तर "एवढ्याशासाठी? मागायचे तर नीट तरी मागायचे!" परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर कुणीतरी 'ऑपरेशन दुर्योधन'ची जुनी क्लिप टाकली. त्यावर काकांचं उत्तर, "एवढ्यात तर सरपंच चहासुद्धा पाजत नाही." खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या इमोजींची रांग.

तरुण मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगतो. २००५ साली कोब्रापोस्ट या बातम्यांच्या वेबसाइटच्या पत्रकारांनी लघुउद्योजकांची एक खोटी संघटना कागदावर उभी केली, तिची माणसं म्हणून खासदारांना गाठलं आणि संसदेत प्रश्न विचारण्यासाठी पैसे दिले. कॅमेरा अर्थातच लपवलेला. १२ डिसेंबरला 'आज तक'वर सगळ्या देशाने ते पाहिलं. खासदार अकरा: भाजपचे सहा, बसपचे तीन, काँग्रेस आणि राजदचा एकेक. सर्वांत कमी रक्कम पंधरा हजार, सर्वांत जास्त एक लाख दहा हजार. २३ डिसेंबरला दोन्ही सभागृहांनी मिळून अकराही जणांना घरी पाठवलं.

त्यातले दोघे आमच्या जळगाव जिल्ह्यातले. जळगावचे वाय. जी. महाजन आणि एरंडोलचे अण्णासाहेब एम. के. पाटील. पाटील तर वाजपेयी सरकारात राज्यमंत्री राहिलेले. त्यामुळे तेव्हा आमच्याकडे पानटपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणे आपल्या माणसाला मुद्दाम अडकवलं. कुणी म्हणे खातात सगळेच, हे सापडले. आणि रकमेवरचे विनोद होतेच. नेमकं विकलं काय, हे मात्र कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

विकला होता प्रश्न. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत तोंडी उत्तराचे वीस आणि लेखी उत्तराचे दोनशे तीस प्रश्न लागतात. खासदारांकडून येतात त्याहून कितीतरी जास्त, म्हणून सोडत काढतात. म्हणजे पैसे घेऊन घातलेला एक प्रश्न आत गेला की कुणाचा तरी खरा प्रश्न बाहेर राहतो. पंधरा हजारांत गेली ती ही जागा, आणि ती खासदाराच्या मालकीची नव्हतीच.

बरं, प्रश्न तरी कसले? पत्रकारांनी मुद्दाम थट्टा केली होती. एका इंग्रजी कादंबरीच्या नायकाचं नाव देऊन एक डिझेल इंजिन तयार केलं आणि रेल्वेने त्याची ऑर्डर दिली आहे का, असं विचारायला लावलं. दुसऱ्या प्रश्नात जगात कुठेच नसलेल्या कापसाच्या वाणाची चौकशी. कोणता प्रश्न कुणाच्या हाती दिला होता त्यात मी शिरत नाही. पण आमच्या जिल्ह्यात भुसावळ आहे, जिथे निम्म्या गावाचं पोट रेल्वेवर चालतं. आणि कापसाचं तर काय सांगायचं! बोगस बियाण्याने हात पोळलेला शेतकरी शोधायला आमच्याकडे लांब जावं लागत नाही. त्याच्या कापसाबद्दल विचारायच्या जागेवर काल्पनिक कापूस. यावर हसू कसं येतं, मला खरंच कळत नाही.

"सापळा लावला, म्हणजे अन्यायच" असंही एक मत असतं. ते मी अगदीच उडवून लावत नाही. २००१ मध्ये तहलका या वेबसाइटने छुप्या कॅमेऱ्याने संरक्षण व्यवहारातली लाचखोरी दाखवली ते मोठंच काम होतं, पण त्यात लष्करी अधिकाऱ्यांना जाळ्यात ओढायला बायका पुरवल्या, ते मला आजही पटत नाही. दुर्योधनमध्ये मात्र असलं काही नव्हतं. कागद पुढे केला, पाकीट पुढे केलं, आणि पाकीट घेतलं गेलं. नंतर पोलिसांनी पत्रकारांवरही आरोपपत्र ठेवलं होतं. ते २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केलं.

पक्षांचं तर विचारूच नका. २००५ मध्ये हकालपट्टीचा ठराव काँग्रेसचा, सभात्याग भाजपचा. शिक्षा फार कडक आहे, नीट प्रक्रिया हवी, वगैरे. २०२३ मध्ये तृणमूलच्या खासदार महुआ मोईत्रांवर पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचा आरोप झाला, तेव्हा भूमिका जशाच्या तशा उलट. कडक शिक्षा भाजपला हवी, प्रक्रिया विरोधकांना. मोईत्रांना सभागृहात बोलू दिलं नाही, आणि त्यासाठी दाखला कुठला दिला? २००५ चाच! तेव्हाही बोलू दिलं नव्हतं म्हणून. (२००५ मध्ये निदान कॅमेऱ्यातलं चित्र समोर होतं. इथे आरोप आणि इन्कार, दोन्ही कागदावर. हा फरक दोन्हीकडच्या भक्तांना नकोसा होता.)

आणि आपण मतदार? बंगालमध्ये 'नारदा' या वेबसाइटचे छुप्या कॅमेऱ्यातले व्हिडिओ मार्च २०१६ मध्ये, ऐन निवडणुकीच्या तोंडावर आले. तृणमूलचे नेते नोटा घेताना दिसले. मे महिन्यात तृणमूलला २९४ पैकी २११ जागा. आमच्याकडे पोटनिवडणुकीत जळगावात पुन्हा भाजपच, एरंडोलात राष्ट्रवादी. म्हणजे राग होता की नव्हता, काहीच अंदाज येत नाही. सगळ्यात भारी गोष्ट त्या अकरांतल्या राजाराम पाल यांची. हकालपट्टीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, २००७ मध्ये हरले, आजही तो निकाल त्यांच्याच नावाने ओळखला जातो. २००९ मध्ये ते पुन्हा खासदार झाले. ज्या काँग्रेसने त्यांना काढायचा ठराव आणला होता, तिच्याच तिकिटावर!

असो. लोकसभेच्या वेबसाइटवर खासदाराचं नाव टाकलं की त्यांनी कोणत्या तारखेला कोणत्या मंत्रालयाला काय विचारलं आणि उत्तर काय मिळालं, सगळं दिसतं. फुकट आहे, लॉगिनही लागत नाही. आपापल्या खासदारांचे प्रश्न काढा आणि त्यातला एखादा, चांगला किंवा वाईट, खाली कमेंटमध्ये टाका. रकमेवरचे विनोद टाकलेत तर डिलीट करणार आहे.