जागच्या जागी

सबमिशनच्या आठवड्यात इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये दोन जातींची मुलं असतात. ज्यांचं जर्नल पूर्ण नाही ती, आणि ज्यांचं जर्नल पूर्ण आहे पण सापडत नाही ती. पहिल्यांना सगळे मदत करतात. कुणी रीडिंग देतं, कुणी ग्राफ काढून देतं, कुणी रात्री चहा पाजतं. दुसऱ्यांना मात्र सगळे एकच प्रश्न विचारतात, "शेवटचं कुठे ठेवलं होतंस?" अरे बाबा, ते आठवलं असतं तर तुझ्या गादीखाली कशाला शोधत बसलो असतो?

मी दुसऱ्या जातीचा.

मुळात या शिक्षणात डोक्यापेक्षा सामान फार लागतं. दर विषयाचं जर्नल, त्यात पहिलं पान सर्टिफिकेटचं, मग इंडेक्स, इंडेक्समध्ये प्रत्येक प्रयोगापुढे सरांची सही. वर्कशॉपला खाकी अ‍ॅप्रन, ड्रॉइंगला शीट, क्लिपा आणि रेघा मारायचा ड्राफ्टर, परीक्षेला कॅल्क्युलेटर, गळ्यात आयकार्ड. यातलं काहीही एक राहिलं की सर विचारणार, "मग आलास कशाला?" घरी आईचं मत याहून स्पष्ट आहे. "डोकं धडावर आहे म्हणून बरं, नाहीतर तेही मेसमध्ये विसरून आला असतास." आईला माझ्या जर्नलची काळजी नसते. तिचा जीव तिच्या स्टीलच्या डब्यांत. चकलीचा, चिवड्याचा, गेल्या दिवाळीचा लाडवाचा, असे सगळे डबे तिच्या हिशेबात अजून 'येणे' आहेत.

ड्राफ्टर ही वस्तू तर हरवण्यासाठीच बनवलेली असावी. सॅकमध्ये पूर्ण मावत नाही, हातात धरला तर पुण्याच्या पीएमपी बसच्या गर्दीत शेजाऱ्याच्या बरगडीत जातो. म्हणून सज्जन माणूस तो सीटखाली ठेवतो आणि सज्जनपणे उतरून जातो. माझा ड्राफ्टर असाच एकटा कात्रजला गेला.

ड्राफ्टर गेला की माणूस जीटीला लागतो. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्यांवर काच आडवी टाकायची, खाली टेबललॅम्प, काचेवर मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी, आणि मारत सुटायच्या रेघेवर रेघा. रात्री दोन वाजता, वाकून वाकून मान धरलेली असताना, नेमकं सगळं आठवायला लागतं. वर्कशॉपचं जर्नल सहीला टाकायचं राहिलंय, लायब्ररीचं पुस्तक परत द्यायचंय, काकांना वाढदिवसाचा फोन करायचा होता. ब्लूमा झायगार्निक नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1927 साली मांडलं होतं, की अर्धवट राहिलेली कामं पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात. बाईंचं खरं आहे. फक्त ती कोणत्या वेळी आठवतात याचाही कुणीतरी अभ्यास करायला हवा होता.

उपाय मी कमी केले नाहीत. विमा एजंट असलेल्या मामांनी दिलेली डायरी वापरायला घेतली. तिच्यात रक्तगट, चष्म्याचा नंबर, गाडीचा चॅसिस नंबर (गाडी नाही) इतकं सगळं सुवाच्य अक्षरात भरलं, आणि जानेवारीचा पहिला आठवडा संपायच्या आत डायरी गेली. मग चिकटचिठ्ठ्या आल्या. भिंतीभर लावल्या, पंख्याने एकेक करून उडवल्या, आणि टर्म संपल्यावर खोली झाडताना खाटेखाली माझं अख्खं सेमिस्टर एका ढिगात मिळालं. मोबाईलचा अलार्म तर सगळ्यात इमानदार. पहाटे सहाला खणखणून वाजला आणि पडद्यावर मीच लिहून ठेवलेलं आलं : 'ते नक्की ने'.

काय ने? खोलीभर फिरून सगळ्या वस्तूंकडे पाहिलं. एकीनेही ओळख दिली नाही.

"लिस्ट करायची ना!" असं माझा रूम पार्टनर म्हणतो. तो साताऱ्याचा. त्याच्या पेन्सिली टूएच, एचबी अशा क्रमाने झोपतात. विसरण्यावरचे सगळे सल्ले न विसरणारी माणसंच देतात, हे माझं जुनं निरीक्षण आहे. लिस्ट केली की दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात, वस्तू आणि लिस्ट.

खरा गुन्हेगार मला पुढे सापडला. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठातले गॅब्रिएल रॅडव्हान्स्की यांनी 2011 साली प्रयोगांतून दाखवलं, की माणूस दारातून पलीकडे गेला की आधीच्या खोलीतलं विसरण्याची शक्यता वाढते. म्हणजे दोष दाराचा! माझी खोली, विंगची जाळी, हॉस्टेलचं गेट, कॉलेजचं गेट, डिपार्टमेंट, लॅब. इतकी दारं ओलांडून मी स्वतःचा रोल नंबर लॅबपर्यंत शाबूत नेतो, हेच खूप आहे. आईला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "मग डबे खिडकीतून आण."

पण औषधही तिकडूनच मिळालं. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की 'हे करायचंय' असा नुसता निश्चय फारसा कामाचा नाही. 'अमुक झालं की तमुक करीन' अशी गाठ मारून ठेवली तर काम होण्याची शक्यता बरीच वाढते. मी गाठ थेट बुटाशी मारली. रात्री कॅल्क्युलेटर उजव्या बुटात, आयकार्ड डाव्या बुटात. बूट घातल्याशिवाय कॉलेजला जाता येत नाही आणि कॅल्क्युलेटरवर पाय देऊन बूट घालता येत नाही. चोख व्यवस्था. पुढे पाऊस लागला आणि मी चपला घालून पेपरला गेलो. वर्गमूळं हातानं काढली.

तेव्हा शेवटी दारालाच कामाला लावायचं ठरवलं. विसरायला लावतं ना, मग तूच सांभाळ! आतल्या कडीला कापडी पिशवी अडकवली. उद्याचं जे काही ते रात्रीच तिच्यात : जर्नल, अ‍ॅप्रन, आयकार्ड, कॅल्क्युलेटर. पिशवी काढल्याशिवाय कडीच निघायची नाही. टर्म अशी गेली की सर माझ्याकडे संशयाने बघायला लागले. आईचा लाडवाचा डबासुद्धा त्याच पिशवीतून घरी पोचला.

फायनल सबमिशनच्या सकाळी आंघोळ करून आलो, तर कडी मोकळी. पिशवी रिकामी, घडी घालून माझ्या उशीवर.

"किती पसारा लोंबत होता दाराला," रूम पार्टनर पेन्सिलीला टोक करत म्हणाला. "सगळं जागच्या जागी ठेवलंय."

"जर्नल?"

"जर्नलच्या जागी."

"आणि जर्नलची जागा कुठली?"

त्याने टोकयंत्र खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी निमूटपणे त्याची गादी उचलून बघायला लागलो.