खुलासा: चेक मोड हिरवा म्हणजे प्लेबुक बिनधोक, हे खरं नाही

अॅन्सिबल (सर्व्हरची मांडणी आपोआप करणारं टूल) वापरणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला फिरतोय: प्लेबुक (टास्क म्हणजे कामांची यादी असलेली फाइल) आधी चेक मोडमध्ये, म्हणजे तालमीसारखं, चालवा, एरर आली नाही तर प्रॉडक्शनवर (खऱ्या वापरातल्या सर्व्हरवर) बिनधास्त सोडा, चेक मोड सर्व्हरला हातही लावत नाही. यातली दोन्ही विधानं अर्धवट आहेत.

चेक मोड फक्त अंदाज सांगतो, आणि तोही मॉड्यूलला (टास्क प्रत्यक्ष करणाऱ्या कोडला) जमत असेल तरच. शेल आणि कमांड या थेट कमांड चालवणाऱ्या मॉड्यूलचे टास्क तो सहसा सरळ गाळतो. म्हणजे ज्या स्क्रिप्टची धास्ती असते, नेमकी तीच तपासली जात नाही! वर त्या टास्कचं आउटपुट रजिस्टर करून (व्हेरिएबलमध्ये साठवून) पुढे वापरलं असेल, तर तिथे हवी ती व्हॅल्यू नसते आणि पुढचा टास्क भलत्याच कारणाने पडतो.

उलटंही होतं. आधीच्या टास्कने नवी रिपॉझिटरी (पॅकेज जिथून मिळतात तो साठा) जोडायची आणि पुढच्याने त्यातलं पॅकेज टाकायचं, असं असेल तर चेक मोडमध्ये रिपॉझिटरी जोडलीच जात नाही. 'पॅकेज सापडलं नाही' म्हणून ओरड होते. प्लेबुक मात्र ठणठणीत असतं.

'हातही लावत नाही' याबद्दल: टास्कवर चेक मोड फॉल्स (check_mode: false) लिहिलं असेल, तर तो चेक मोडमध्येही खराखुरा चालतो. दुसऱ्याचा रोल (तयार टास्कचा संच) उचलताना हे आधी शोधा. डिफ पर्याय सोबत लावलात तर टेम्प्लेटमधून बनणाऱ्या फाइलमधले बदल ओळीनिशी दिसतात, तेवढं जरूर करा. खरी परीक्षा मात्र टाकाऊ व्हीएमवरच (मोडली तरी चालेल अशा आभासी मशीनवर). तिथे प्लेबुक दोनदा चालवा. दुसऱ्या फेरीत 'चेंज्ड' (बदल केलेल्या टास्कची संख्या) शून्य यायला हवं.